पासवर्ड कुणाच्या हातात?

३१ जानेवारी २०१३ या दिवशी ब्रिटनमधल्या एचएमव्ही कंपनीत नोकरकपातीची बैठक चालू होती. १९२१ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पहिलं दुकान उघडलेली, तबकड्यांपासून डीव्हीडीपर्यंत सगळं विकणारी ही कंपनी. दोनच आठवड्यांपूर्वी तिचा कारभार दिवाळखोरी प्रशासकांकडे गेला होता. बैठक बंद दाराआड होती, पण तिचा वृत्तान्त हजारो लोक वाचत होते, तोही कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यावर. आम्ही साठहून जास्त जण आहोत आणि आम्हाला एकदमच काढताहेत, असं तिथं लिहून आलं. थोड्या वेळानं त्याच खात्यावर आलं की मार्केटिंगचे संचालक विचारताहेत, हे ट्विटर बंद कसं करायचं?

लिहिणाऱ्या तरुणीनं नंतर सांगितलं की हे खातं तिनंच प्रशिक्षणार्थी असताना सुरू केलं होतं. सोशल मीडियाचं महत्त्व वरिष्ठांना कधी पटलंच नाही, असंही ती म्हणाली. कंपनीनं ते संदेश पुसून टाकले, पण तोवर ते वर्तमानपत्रांत पोचले होते.

धंद्यांच्या सोशल मीडियावरच्या चुकांच्या याद्या खूप मिळतात. फोटो धूसर होता, वेळ चुकली, हॅशटॅग जास्त झाले, रील लांबलं. या चुका होतातच, पण त्यांनी कुणाचा धंदा बसत नाही. मोठं नुकसान जिथं जिथं झालं, तिथं मुळाशी गेलं की बहुतेकदा एकच गोष्ट सापडते. खातं ज्याच्या हातात असतं त्याला काही ठरवण्याचा अधिकार नसतो, आणि ज्याला अधिकार असतो तो त्या खात्याकडे फिरकत नाही. या प्रकरणातली बहुतेक उदाहरणं याच एका दोषाची आहेत.

आपल्याकडे हा दोष घरगुती रूपात दिसतो. साड्यांचं दुकान असो, मिठाईची पेढी असो किंवा मसाल्यांचा छोटा कारखाना, फेसबुकचं पेज आणि इन्स्टाग्रामचं खातं घरातला कॉलेजला जाणारा पुतण्या उघडून देतो, नाहीतर ओळखीतला डिझाइन करणारा एखादा मुलगा. खातं त्याच्या मोबाइल नंबरवर, त्याच्याच जीमेलवर असतं. काही वर्षं सगळं सुरळीत चालतं. मग तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातो, नंबर बदलतो, किंवा बिलावरून एजन्सीशी बिनसतं. एके दिवशी मालकाच्या लक्षात येतं की दुकानाचं नाव, जमवलेले फॉलोअर, ग्राहकांचे मेसेज आणि दिवाळीच्या ऑर्डरी असं सगळं एका कुलपात आहे आणि किल्ली भलत्याच माणसाकडे आहे. मालकी सिद्ध करून खातं परत मिळवण्याचे मार्ग आहेत, पण ते वेळखाऊ असतात आणि नेमक्या हंगामात तो वेळ कुणाकडेच नसतो.

हे आधीच टाळता येतं, आणि त्यासाठी तंत्रज्ञ लागत नाही. खाती दुकानाच्या ईमेलवर उघडावीत. मेटाच्या बिझनेस पोर्टफोलिओमध्ये पेज आणि इन्स्टाग्रामची मालकी दुकानाच्या नावे ठेवावी आणि एजन्सीला भागीदार म्हणून कामापुरता प्रवेश द्यावा. तो प्रवेश एका क्लिकमध्ये काढून घेता येतो. पूर्ण अधिकार दोघांकडे असावेत, म्हणजे एक आजारी पडला तरी काम अडत नाही. लॉगिनच्या वेळी येणारा कोड दुकानाच्या नंबरवर यावा. गूगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइललाही हेच लागू आहे. तिथं मुख्य मालक म्हणून कुणाचं नाव आहे हे कित्येक मालकांनी कधी पाहिलेलंच नसतं. एजन्सीशी करार करताना ‘काम संपल्यावर सर्व खाती, मूळ फाइली आणि जाहिरातींचा हिशेब परत देणे बंधनकारक’ एवढं एक वाक्य घातलं तरी पुढची कटकट वाचते.

आता याच दोषातून येणाऱ्या मौनाकडे येऊ. सप्टेंबर २०१३मध्ये ब्रिटिश एअरवेजनं एका प्रवाशाचं सामान हरवलं. तक्रारीला दाद मिळेना, तेव्हा त्याच्या मुलानं जवळजवळ हजार डॉलर मोजून स्वतःचं तक्रारीचं ट्वीट जाहिरात म्हणून चालवलं. ग्राहकानं कंपनीविरुद्ध पैसे भरून जाहिरात केली, हीच मोठी बातमी झाली. जगभर चर्चा सुरू झाल्यावर कित्येक तासांनी कंपनीचं उत्तर आलं. उशिराबद्दल क्षमस्व, आमचं ट्विटर खातं सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत चालू असतं. विमानं रात्रीही उडत होती, सामान रात्रीही हरवत होतं, फक्त उत्तर देणारा माणूस घरी गेला होता.

मालकांनी या खात्याकडे फलक म्हणून पाहिलं आणि गिऱ्हाइकांनी गल्ला म्हणून, इथूनच सगळा घोळ सुरू होतो. फलक एकदा रंगवला की वर्षभर त्याच्याकडे पाहिलं नाही तरी चालतं. गल्ल्यावर मात्र कुणी बसलेलं नसेल तर गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबून पुढच्या दुकानात जातं. माझा अनुभव असा की मराठी दुकानदार समोर आलेल्या माणसाला सहसा रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, पण इन्स्टाग्रामच्या मेसेज रिक्वेस्टमध्ये आठवडाभर पडलेली चौकशी त्याच्या गावीही नसते. फेसबुकचं मेसेंजर, इन्स्टाग्रामचे डीएम, व्हॉट्सॲप बिझनेस, गूगलवरची परीक्षणं अशी चार-पाच दारं उघडायची आणि एकाही दाराशी उभं राहायचं नाही, यापेक्षा दोनच दारं ठेवावीत. जिथं उत्तर देणं झेपणार नाही तिथं खातं उघडू नये, आणि उघडलं असेल तर चौकशीसाठी अमुक नंबरवर संपर्क करा असं ठळक लिहून ठेवावं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दुकान बंद असतानाचा संदेश लावता येतो. तो लावताना ‘लवकरच संपर्क करू’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘उद्या सकाळी १० नंतर उत्तर देतो’ असं लिहावं आणि तो शब्द पाळावा.

मौनाचाच एक प्रकार म्हणजे साच्यातलं उत्तर. २०१५च्या उन्हाळ्यात मॅगीचं प्रकरण पेटलं. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या नमुन्यात शिशाचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचं सांगण्यात आलं. ५ जूनला अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं मॅगीचे नऊ प्रकार बाजारातून काढून घेण्याचा आदेश दिला. आपला माल सुरक्षित आहे, असं नेस्ले कंपनीचं म्हणणं होतं. पण घाबरलेल्या आया ट्विटरवर विचारत होत्या की घरात आहेत ती पाकिटं मुलांना द्यायची की नाही, आणि त्यांना तीच ती ठरीव वाक्यं परत परत मिळत होती. पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. कंपनीला म्हणणं मांडायची पुरेशी संधी दिली गेली नाही आणि चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नाहीत, असं न्यायालयानं म्हटलं. नव्यानं झालेल्या चाचण्यांत मॅगी उत्तीर्ण झाली आणि नोव्हेंबरमध्ये दुकानांत परतली. तोवर तीस हजार टनांहून जास्त माल नष्ट करावा लागला होता. कंपनीची बाजू न्यायालयात टिकली, पण जूनमधल्या त्या पहिल्या दिवसांत लोकांशी माणसासारखं बोलणारं कुणी नव्हतं. खात्यावर बसलेल्यांना मंजूर झालेल्या वाक्यांपलीकडे एक शब्द लिहिण्याची मुभा नसावी, असंच ती उत्तरं वाचताना वाटत होतं.

मौनापेक्षा संताप जास्त महाग पडतो. नेस्लेचंच जुनं उदाहरण घेऊ. मार्च २०१०मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं किटकॅटवर मोहीम उघडली. किटकॅटमधलं पामतेल इंडोनेशियातली जंगलं तोडणाऱ्या पुरवठादाराकडून येतं, असा आरोप होता. कंपनीनं आधी कॉपीराइटचं कारण देऊन मोहिमेची चित्रफीत यूट्यूबवरून काढायला लावली. ती लगेच दुसऱ्या संकेतस्थळावर गेली आणि कितीतरी जास्त लोकांनी पाहिली. मग फेसबुक पेजवर लोक किटकॅटच्या बिघडवलेल्या बोधचिन्हासह लिहू लागले. पेज सांभाळणाऱ्यानं ताकीद दिली की असं चिन्ह लावलेल्यांच्या प्रतिक्रिया पुसल्या जातील, आणि लोकांनी जाब विचारला तेव्हा टोमणे मारायला सुरुवात केली. हे आमचं पेज आहे, नियम आम्ही ठरवणार, असा एकूण सूर होता. एका दिवसात मूळ पामतेल बाजूला राहिलं आणि कंपनीचा उर्मटपणा हाच विषय झाला. शेवटी त्याच पेजवर माफी मागावी लागली आणि मे महिन्यात जंगलतोडीशी संबंधित पुरवठादार वगळण्याचं धोरण कंपनीनं जाहीर केलं. जे दोन महिन्यांनी करावंच लागलं, त्याची तयारी पहिल्या दिवशी दाखवली असती तर टोमण्यांची वेळच आली नसती.

छोट्या धंद्याला असा धक्का सोसत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एमीज बेकिंग कंपनी नावाचं एक जोडप्याचं रेस्टॉरंट होतं. मे २०१३मध्ये गॉर्डन रॅमसे या प्रसिद्ध शेफच्या टीव्ही कार्यक्रमात ते दिसलं. टीका ऐकून घ्यायला मालक तयार नाहीत, हे पाहून रॅमसे तिथून निघून गेला. भाग प्रसारित झाल्यावर त्यांच्या फेसबुक पेजवर लोकांनी टीका सुरू केली, आणि पेजवरून प्रत्येकाला ठळक अक्षरांत शिव्या, शाप आणि कायदेशीर धमक्या जाऊ लागल्या. नंतर मालकांनी सांगितलं की आमचं खातं हॅक झालं होतं. ते फारसं कुणाला पटलं नाही. २०१५मध्ये ते रेस्टॉरंट बंद झालं. त्यांचे केक चांगले होते की नाही हे आज कुणी विचारत नाही. ते फेसबुकवरचं भांडण मात्र अजून सापडतं.

अधिकार नसलेल्यानं चूक केली की ती अजाणतेपणाची म्हणून पोटात घालता येते. सर्वाधिकार असलेल्यानं केली की तसं म्हणता येत नाही. ६ ऑक्टोबर २०२४ला विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी ओलाच्या सर्व्हिस सेंटरबाहेर दाटीनं उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरींचा फोटो टाकला आणि ग्राहकांच्या तक्रारींकडे बोट दाखवलं. कंपनीचे संस्थापक भाविश अगरवाल यांनी उत्तर देताना कामरांच्या पडेल कारकिर्दीचा उल्लेख केला आणि इथं येऊन मदत करा, तुमच्या कार्यक्रमापेक्षा जास्त पैसे देतो, असं सुनावलं. तो रविवार होता. सोमवारी बाजार उघडल्यावर ओला इलेक्ट्रिकचा शेअर आठ टक्क्यांहून जास्त घसरला. त्याच दिवशीच्या तारखेनं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कारणे दाखवा नोटीस निघाली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे वर्षभरात या कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. शेअर केवळ एका पोस्टमुळे पडला असं मी म्हणणार नाही. सेवेचा प्रश्न आधीपासून होता. पण ज्यांची स्कूटर महिना महिना पडून होती ती माणसं मालकाकडून एका वाक्याची वाट पाहत होती, आणि त्यांना मिळालं ते भांडण. मालक स्वतः उत्तर देतो ही चांगली गोष्ट आहे. म्हणूनच त्यानं उत्तर लिहून ते तासभर बाजूला ठेवावं, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यावं आणि मगच पाठवावं.

राग आला की काही जण वकिलाकडे धावतात. खोटं परीक्षण असेल, बदनामी असेल तर कायद्याचा मार्ग योग्यच आहे आणि गूगलकडे खोट्या परीक्षणाची तक्रारही करता येते. पण खऱ्या तक्रारीवर नोटीस पाठवण्याआधी अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांचा २००३चा दावा आठवावा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची झीज नोंदवणाऱ्या हजारो छायाचित्रांपैकी एकात त्यांचं घर दिसत होतं. ते काढून टाकावं म्हणून त्यांनी पाच कोटी डॉलरचा दावा लावला. दाव्याआधी ते छायाचित्र सहा वेळा उतरवून घेतलं गेलं होतं, त्यातलं दोनदा त्यांच्याच वकिलांनी. बातमी फुटल्यावर महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोकांनी त्या संकेतस्थळाला भेट दिली. दावाही फेटाळला गेला आणि समोरच्याच्या वकिलाचा खर्च त्यांना द्यावा लागला.

आता वेगळ्या प्रकारच्या चुकीकडे वळू. ती महाराष्ट्रात रोज होते. पोस्ट आधीच तयार करून तारीख-वेळ लावून ठेवण्याची सोय आहे, आणि ती उपयोगाचीच आहे. जानेवारी २०१३मध्ये ब्रिटनच्या टेस्को या सुपरमार्केटच्या स्वस्त बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडलं. देशभर गदारोळ चालू असताना त्यांच्या ग्राहकसेवा खात्यावरून रात्री एक ट्वीट गेलं, की आता आम्ही गवतावर आडवे व्हायला जातो. इंग्रजीत झोपायला जाण्याचा हा साधा वाक्प्रचार. तो घोडाप्रकरणाआधीच लावून ठेवलेला होता, पण वाचणाऱ्यांना ती क्रूर थट्टा वाटली आणि माफी मागावी लागली. त्याआधी २० जुलै २०१२ला अमेरिकेतल्या ऑरोरा शहरातल्या चित्रपटगृहात गोळीबार होऊन १२ माणसं मेली, तेव्हा ते नाव ट्विटरवर सर्वांत वर होतं. एका ब्रिटिश कपडेविक्री कंपनीनं ते नाव का गाजतंय हे न पाहता त्याच नावाच्या आपल्या ड्रेसची जाहिरात त्याला जोडली.

आपल्याकडे वर्षभराच्या ‘फेस्टिव्हल पोस्ट’ एकगठ्ठा बनवून देणाऱ्या एजन्सी आणि ॲप आहेत. वर दुकानाचं बोधचिन्ह, खाली फोन नंबर, मध्ये शुभेच्छा. त्यातून गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा जातात, मोहरमच्या शुभेच्छा जातात, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाच्याही शुभेच्छा जातात. येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूचा, करबलाच्या शोकाचा, बाबासाहेबांच्या निधनाचा दिवस. त्या समाजातला ग्राहक ही पोस्ट पाहतो आणि त्याला कळतं की या दुकानदाराला आपल्याबद्दल काहीच ठाऊक नाही. तो तक्रार करत नाही, फक्त दुखावतो. ज्या दिवसाचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही त्या दिवशी काही न टाकणं हा सुद्धा आदर आहे. आणि शहरात दुर्घटना घडली, पूर आला, कुणी मोठं माणूस गेलं की लावून ठेवलेल्या सर्व पोस्ट थांबवण्याचा अधिकार एका माणसाला दिलेला असावा. त्या माणसानं कुणाला फोन करून विचारत बसावं लागू नये.

गाजणाऱ्या माणसाच्या पाठीवर स्वार होण्याचाही मोह असतो. १ ऑगस्ट २०२१ला बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूनं टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि देशातल्या अनेक ब्रँडनी तिचा फोटो, शेजारी आपलं बोधचिन्ह अशी अभिनंदनाची चित्रं टाकली. तिचं काम पाहणाऱ्या संस्थेनं त्यांतल्या अनेकांना कायदेशीर नोटिसा धाडल्या. तिच्याशी करार नसताना तिच्या नावाचा व्यापारी वापर केला, हा आक्षेप होता. तो मला पूर्ण रास्त वाटतो. तिच्या कष्टाच्या वर्षांत जे सोबत नव्हते, त्यांना विजयाच्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर माल विकायचा हक्क कसा मिळेल? चित्रपटातल्या गाण्यांचंही तेच. खासगी खात्यावर जे गाणं सहज वापरता येतं ते व्यावसायिक खात्यावर जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी बहुधा नसते. आवाज बंद केला जातो, रील उडतं, प्रसंगी दावा येतो. दुसऱ्या विणकराच्या पैठणीचा फोटो उचलून आपल्या पेजवर टाकणं हीही चोरीच आहे, जरी ती रोज होत असली तरी.

श्रेय न देण्याचा फटका किती दूरवर बसतो हे जून २०२५मध्ये प्राडा या फॅशन कंपनीला कळलं. मिलानमधल्या त्यांच्या फॅशन शोमध्ये मॉडेलच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला होत्या, आणि कंपनीनं त्यांचं वर्णन नुसतं चामडी सँडल असं केलं होतं. २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल इथल्या लोकांनी मोबाइलवर क्षणात ओळखली. संतापाची लाट उसळली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं. प्राडानं प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटून गेली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. हे सगळं एका ओळीच्या श्रेयानं सुरू होऊ शकलं असतं.

भाषेबद्दल एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण अधिकाराचा प्रश्न त्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर २०२१मध्ये तमिळनाडूतल्या एका ग्राहकाला झोमॅटोच्या चॅटवर सांगितलं गेलं की हिंदी राष्ट्रभाषा आहे, ती थोडी तरी यायला हवी. राज्यघटनेत कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेलं नाही. ग्राहकानं चॅटचे फोटो ट्विटरवर टाकले, तमिळनाडूत संतापाची लाट आली. कंपनीनं तमिळमध्ये आणि इंग्रजीत माफी मागितली, आणि त्या कर्मचाऱ्याला कामावरून काढल्याचं सांगितलं. काही तासांतच संस्थापक दीपिंदर गोयल यांनी तिला परत कामावर घेतल्याचं जाहीर केलं. माफी तमिळमध्ये मागितली हे उत्तम झालं आणि कर्मचारी परत आली हे त्याहून उत्तम. तमिळ ग्राहकाला तमिळ न येणाऱ्या माणसाशी जोडून देण्याची व्यवस्था तिनं उभारली नव्हती. कोल्हापूर-नांदेडच्या ग्राहकांना यंत्रानं केलेल्या मराठीत उत्तरं पाठवणाऱ्या कंपन्यांनी यावर विचार करावा.

पैसे देऊन विकत घेतलेल्या लोकप्रियतेबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ती फसवणूक आहे आणि तिच्यावर चर्चेला जागा नाही. डिसेंबर २०१४मध्ये इन्स्टाग्रामनं बनावट खाती काढली तेव्हा खुद्द इन्स्टाग्रामच्या अधिकृत खात्याचे जवळजवळ १ कोटी ८९ लाख फॉलोअर एका फटक्यात गेले. जुलै २०२०मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं एका पार्श्वगायिकेच्या तक्रारीवरून बनावट फॉलोअर विकणाऱ्यांचा तपास सुरू केला आणि अटकही केली. असे फॉलोअर साडी विकत घेत नाहीत, चकली खात नाहीत. शिवाय खऱ्या ग्राहकांचं प्रमाण कमी दिसल्यानं तुमची पोस्ट खऱ्यांपर्यंतही कमी पोचते.

दुसऱ्याकडून स्तुती करून घेण्याला आता कायद्याची चौकट आहे. रील बनवणाऱ्याला पैसे, फुकट जेवण किंवा वस्तू दिली असेल तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषदेची याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१पासून लागू आहेत, आणि जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही ती बांधिलकी स्पष्ट केली. रील मराठीत असेल तर तो खुलासाही मराठीतच हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आंब्याच्या दिवसांत परराज्यातल्या आंब्याच्या पेटीवर ‘देवगड हापूस’ लिहून पोस्ट टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते नाव कोकणातल्या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यांचं आहे.

इतकं सांभाळूनही चूक होणारच. मग काय करायचं, हे फेब्रुवारी २०११मध्ये अमेरिकन रेडक्रॉसनं दाखवून दिलं. तिथल्या एका कर्मचारी महिलेनं रात्री मित्राला बिअर सापडल्याबद्दलचं खासगी ट्वीट चुकून संस्थेच्या खात्यावरून पाठवलं. दोन्ही खाती एकाच ॲपवर उघडी होती. आपत्तीत रक्त पुरवणाऱ्या संस्थेच्या नावावर पार्टीची भाषा गेली. तासाभरात वरिष्ठांना झोपेतून उठवलं गेलं. त्यांनी ट्वीट काढलं आणि ते का काढलं हेही लिहिलं. चुकीचं ट्वीट गेलं होतं, रेडक्रॉस पूर्ण शुद्धीवर आहे, असा खुलासा त्यांनी खेळकर शब्दांत केला. बाईंची नोकरी राहिली. ट्वीटमध्ये जिचं नाव होतं त्या बिअर कंपनीनं आणि तिच्या चाहत्यांनी रक्तदानाचं, देणगीचं आवाहन केलं आणि लोकांनी ते मनावर घेतलं. इथं खातं सांभाळणारीकडून चूक झाली, पण निर्णय घेणारी व्यक्तीही रात्री फोनवर सापडली.

सप्टेंबर २०१४मध्ये डिजॉर्नो या पिझ्झा कंपनीनं घरगुती मारहाण सोसलेल्या स्त्रियांच्या हॅशटॅगवर, तो कशाबद्दल आहे हे न वाचता, पिझ्झाचा विनोद केला. चूक भयंकर होती. पण काही मिनिटांत ती काढून कंपनीनं जाहीर माफी मागितली आणि नंतर कित्येक तास, दुखावलेल्या एकेका व्यक्तीला, प्रत्येकीला वेगळ्या शब्दांत उत्तर लिहिलं. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे आपल्याकडचं लाडकं वाक्य त्यांनी वापरलं नाही. ते वाक्य कुणीच वापरू नये. दुखावल्या आहेत म्हणूनच माणूस लिहितो आहे. काय चुकलं, कुणाचं नुकसान झालं, ते कधीपर्यंत भरून देणार, या तीन गोष्टी साध्या मराठीत लिहाव्यात आणि खाली नाव व फोन नंबर द्यावा. पैसे परत करणं किंवा माल बदलून देणं एका ठरावीक रकमेपर्यंत तिथल्या तिथं मंजूर करण्याची मुभा खातं सांभाळणाऱ्याला असावी. ती रक्कम धंद्याच्या मानानं ठरवा, पण ठरवा.

वाचकहो, हे प्रकरण वाचून झाल्यावर तुमच्या दुकानाच्या पानावर जा. गूगलची परीक्षणं, इन्स्टाग्रामचे मेसेज, फेसबुकवरच्या प्रतिक्रिया उघडा आणि ज्या तक्रारीला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही अशी सर्वांत जुनी तक्रार शोधा. ती दोन वर्षांपूर्वीची असली तरी चालेल. तिला आज, स्वतःच्या नावानं, तुम्ही उत्तर लिहा.